मोर्सच्या वाट्याचं श्रेय

सॅम्युअल फिन्ली ब्रीझ मोर्स या अमेरिकन माणसाबद्दल दोन टोकांची मतं आहेत आणि दोन्हींना भक्कम आधार आहे. एका मताप्रमाणे, टिंगल आणि ओढाताण सोसून त्याने तारयंत्र उभं केलं आणि बातमीला घोड्यापेक्षा, आगगाडीपेक्षा वेगाने धावायला शिकवलं. दुसऱ्या मताप्रमाणे, त्याने इतरांच्या संशोधनावर स्वतःचं नाव कोरलं आणि माणसांना गुलाम ठेवण्याचं उघड समर्थन केलं. या दोन मतांचा हिशेब नीट व्हावा म्हणून इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. मामा तार खात्यातून निवृत्त झालेले. मोर्सची लिपी त्यांच्या बोटांत आणि कानांत मुरलेली. भाची महाविद्यालयात इतिहास शिकवते. दोघंही आपापल्या म्हणण्याशी प्रामाणिक आहेत.

मामा : मी सरळ सांगतो. एक तार, एक की आणि दोन खुणा. एक छोटी, एक लांब. एवढ्या भांडवलावर सगळी वर्णमाला उभी करणारा माणूस माझ्या लेखी फार मोठा. आणि तो शास्त्रज्ञ नव्हता, चित्रकार होता. हाताशी शास्त्र नसताना त्याने हे धाडस केलं, म्हणून त्याचं मोल जास्त.

भाची : चित्रकार तर तो चांगलाच होता, मामा. १७९१मध्ये बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनला जन्म, वडील धर्मोपदेशक आणि भूगोलाचे नामांकित लेखक. येल महाविद्यालयातून १८१०मध्ये तो पदवीधर झाला, मग लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकला शिकला. न्यूयॉर्कमध्ये १८२६मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष तोच. पण येलमध्ये असताना त्याने विजेवरची व्याख्यानंही ऐकली होती. तेव्हा हाताशी शास्त्र अजिबात नव्हतं, असं नाही.

मामा : व्याख्यानं ऐकली म्हणून कोणी तारयंत्र करत नाही. त्यामागे जखम होती. १८२५च्या फेब्रुवारीत तो वॉशिंग्टनला फ्रेंच सेनानी लाफायेतचं व्यक्तिचित्र रंगवायला गेला होता. न्यूयॉर्क शहराने दिलेलं मोठं काम. इकडे न्यू हेवनला त्याची बायको लुक्रेशिया वारली. वडिलांचं पत्र हातात पडून तो घरी पोहोचेपर्यंत तिचं दफनही झालं होतं. अगं, तार घेऊन शिपाई दारात आला की आपल्याकडे बायका आधी रडायला लागायच्या आणि मग पाकीट फोडायच्या. वाईट बातमी वेळेवर पोहोचणं म्हणजे काय, हे आम्हा तारवाल्यांना ठाऊक आहे. मोर्सला ती वेळेवर मिळाली नाही, म्हणून त्याने तार शोधली.

भाची : प्रसंग खरा आहे आणि फार दुःखाचा आहे. पण ‘म्हणून’ हा शब्द नंतरच्या लोकांनी घातला. लुक्रेशिया गेल्यावर सात वर्षं त्याने विजेच्या संदेशासाठी काहीही केलेलं दिसत नाही. तो चित्रं काढत राहिला, युरोपात गेला, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या उत्तमोत्तम चित्रांना एकाच दालनात मांडणारं मोठं चित्र त्याने हाती घेतलं. आपल्या शोधाची सुरुवात त्याने स्वतः सांगितली ती १८३२च्या परतीच्या प्रवासातली. ‘सली’ नावाच्या जहाजावर बॉस्टनच्या डॉ. चार्ल्स जॅक्सनशी विद्युतचुंबकावर बोलणं झालं आणि तिथे त्याला कल्पना सुचली.

मामा : बरं, तसं म्हण. जहाजावर त्याने वहीत आराखडे काढले, हे तरी मान्य आहे ना? जॅक्सनने नंतर ‘कल्पना माझी’ म्हणून दावा केला, पण यंत्र कुठे दाखवलं? मोर्सने १८३५च्या सुमारास कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर आपलं पहिलं यंत्र जोडलं. चित्रकाराच्या खोलीतल्या सामानातून! ती चौकट अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहे.

भाची : चौकट खरी, पण त्याच्या त्या यंत्रातून संदेश फार लांब जात नव्हता. तार लांबली की प्रवाह इतका क्षीण व्हायचा की चुंबक हलायचाच नाही. ती अडचण कोणी सोडवली? मोर्स जिथे शिकवायचा त्याच न्यूयॉर्कच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लेनर्ड गेल यांनी. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीचा १८३१चा लेख वाचला होता, मोर्सने वाचला नव्हता. एका मोठ्या घटाऐवजी अनेक घट एकापुढे एक जोडायचे आणि चुंबकावर बारीक तारेचे पुष्कळ वेढे द्यायचे, म्हणजे प्रवाह लांबवर काम करतो, हे हेन्रीचं संशोधन. त्याने ऑल्बनीत मैलभराहून लांब तारेच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली होती. गेल यांनी हा उपाय सांगितला आणि मोर्सचं यंत्र वर्गात गुंडाळून ठेवलेल्या दहा मैल तारेतून चालायला लागलं.

मामा : हेन्रीने पेटंट घेतलं नाही. यंत्र बाजारात आणलं नाही.

भाची : नाही घेतलं. निसर्गाचा नियम सगळ्यांचा आहे, अशी त्याची धारणा होती. पण त्यामुळे त्याचं ऋण संपत नाही. आणि तो एकटाही नव्हता. रशियात शिलिंगने, जर्मनीत गॉस आणि वेबरने १८३३मध्ये विजेने संदेश पाठवले. इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी १८३७मध्ये पेटंट घेतलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचं सुयांचं यंत्र रेल्वेमार्गावर चालू झालं. आपल्याकडे कलकत्त्याजवळ ओ'शॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९मध्ये तारेवरून संदेशाचे प्रयोग केले. मोर्सची पहिली मोठी तार उभी राहिली १८४४मध्ये.

मामा : आता मी जे सांगतो ते नीट ऐक, कारण हे पुस्तकात कमी आणि कामावर जास्त कळतं. व्हीटस्टनच्या पहिल्या यंत्राला पाच सुया लागायच्या आणि तितक्याच तारा. मैलोन्‌मैल पाच तारा ओढायच्या म्हणजे तांबं किती, खांब किती, दुरुस्ती किती! मोर्सची एक तार. ओ'शॉनेसीने स्वतःचं यंत्र वापरून १८५५पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडलं, हे मोठं काम. पण पुढे आपल्याकडेही यंत्र आलं ते मोर्सचंच. जगभर तेच टिकलं. का टिकलं? कारण ते साधं होतं, स्वस्त होतं आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावीही दुरुस्त होत होतं. मोर्सची अक्कल त्या साधेपणात आहे.

भाची : हे मी मानते. पण साधेपणासुद्धा टप्प्याटप्प्याने आला आणि त्यात इतरांचे हात लागले. मोर्सची पहिली योजना तुम्हाला माहीत आहे का? त्याने खुणा ठरवल्या त्या फक्त आकड्यांच्या. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक द्यायचा, जाडजूड कोश करायचा, संदेश घेणाऱ्याने आकडा वाचून कोशात शब्द शोधायचा. १८३८च्या सुरुवातीला त्याऐवजी अक्षरांची लिपी आली. तोवर आल्फ्रेड व्हेल त्याला येऊन मिळाला होता. न्यू जर्सीत मॉरिसटाउनला व्हेलच्या वडिलांचा स्पीडवेल नावाचा लोखंडाचा कारखाना होता. १८३७च्या करारानुसार व्हेलने पैसा, कारखाना आणि स्वतःचे कुशल हात द्यायचे, बदल्यात हिस्सा घ्यायचा. पेटंट मात्र मोर्सच्या नावावर. मोर्सची लाकडी चौकट बाजूला जाऊन नेटकं धातूचं यंत्र तयार झालं ते तिथे.

मामा : लिपी व्हेलची, असं म्हणायचंय का तुला?

भाची : तेवढं ठामपणे मी म्हणणार नाही. व्हेलच्या बाजूने बोलणारे तसं सांगतात. व्हेलने हयातीत तसा जाहीर दावा केला नाही. इंग्रजीत जे अक्षर सर्वांत जास्त येतं त्याला सर्वांत छोटी खूण द्यायची, म्हणून ‘ई’ला एकच टिंब, हा विचार दोघांपैकी नेमका कोणाचा, यावर वाद आहे. पण व्हेलने १८४८मध्ये तुटपुंज्या पगाराला कंटाळून तारेचं काम सोडलं आणि १८५९मध्ये तो वारला, हे निश्चित. शिवाय तुमच्या बोटांत मुरलेली लिपी मोर्सची मूळ लिपी नाहीच. जर्मनीत गेर्के नावाच्या माणसाने १८४८मध्ये ती सुधारली आणि १८६५च्या पॅरिस परिषदेने तिच्यावर आधारलेली आंतरराष्ट्रीय लिपी मान्य केली. आपल्याकडे आली ती हीच.

मामा : हे ठाऊक होतं मला. आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूने मीच सांगतो. मोर्सच्या मूळ यंत्रात कागदाच्या पट्टीवर खुणा उमटायच्या. यंत्रावर बसणाऱ्या पोरांच्या ध्यानात आलं की पट्टी बघायची गरजच नाही, नुसत्या आवाजावरून मजकूर वाचता येतो. मग पट्टी गेली आणि साउंडर आला. आम्ही ती कडकट्ट ऐकूनच थेट फॉर्मवर मजकूर लिहायचो.

भाची : म्हणजे ती सुधारणा केली कामगारांनी.

मामा : केली. पण पोरांना ऐकायला तार हवी आणि तार कोणी उभी केली, हा माझा प्रश्न आहे. तिथे तू मोर्सला हलवून दाखव. १८३७मध्ये अमेरिकेच्या संसद भवनातल्या घुमटाखालच्या भव्य चित्रांचं काम त्याला नाकारलं गेलं, तेव्हा चित्रकलेवरची त्याची आशाच संपली. पुढची सहा वर्षं खिशात पैसे नसताना तो एका यंत्रामागे लागला. इंग्लंडने पेटंट नाकारलं. १८४२मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात पाण्याखालून तार टाकून दाखवली, तर जहाजाच्या नांगराने ती तोडली. संसदेत त्याच्या अर्जावर सभासद हसले, मोहिनीविद्येच्या प्रयोगांनाही पैसे द्या म्हणाले. तरी १८४३मध्ये कनिष्ठ सभागृहाने ८९ विरुद्ध ८३ मतांनी ३०,००० डॉलर मंजूर केले. सहा मतांवर तारेचं नशीब ठरलं.

भाची : आणि त्यातला बराच पैसा शिशाच्या नळ्यांत तारा घालून त्या जमिनीखाली पुरण्यात गेला.

मामा : गेला. आवरण कच्चं निघालं, प्रवाह गळायला लागला. हातातली रक्कम संपत आलेली. अशा वेळी दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. मोर्सने, व्हेलने आणि एझ्रा कॉर्नेलने बेत बदलला आणि लाकडी खांबांवर तारा ओढल्या. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर, रेल्वेच्या कडेने, सुमारे ४० मैल. पुढे याच कॉर्नेलने तारेत पैसा मिळवून विद्यापीठ काढलं. १ मे १८४४ला बाल्टिमोरमध्ये व्हिग पक्षाने हेन्री क्लेला अध्यक्षपदाची उमेदवारी दिली, तेव्हा तार अजून वाटेतच होती. तिच्या टोकावरून ती बातमी आगगाडीच्या आधी वॉशिंग्टनला पोहोचली. २४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दालनातून मोर्सने बायबलमधलं एक वचन पाठवलं, पेटंट आयुक्तांच्या मुलीने निवडून दिलेलं. बाल्टिमोरच्या टोकाला बसलेल्या व्हेलने ते तसंच परत पाठवलं. आठ वर्षांत तिकडे सुमारे तेवीस हजार मैल तारा झाल्या. १८६१मध्ये तार पूर्व-पश्चिम किनाऱ्यांना जोडती झाली आणि घोड्यांवरून टपाल नेणारी पोनी एक्स्प्रेस दोन दिवसांत बंद झाली.

भाची : हे सगळं मी मुलांना उत्साहाने शिकवते. माझी तक्रार मोर्सच्या चिकाटीबद्दल नाहीच. जिंकल्यावर त्याने काय केलं, याबद्दल आहे. हेन्रीने त्याला प्रिन्स्टनला भेट दिली, शंकांची उत्तरं दिली, १८४२मध्ये उत्तेजनाचं पत्र लिहिलं. पुढे पेटंटचे खटले सुरू झाले. हेन्रीला न्यायालयात साक्ष द्यावी लागली. त्याने सांगितलं की विजेच्या शास्त्रात मोर्सने नवा शोध लावल्याचं आपल्याला माहीत नाही, त्याची कर्तबगारी इतरांचे शोध जुळवून एक विशिष्ट यंत्र घडवण्यात आहे. किती मोजूनमापून बोलला हा माणूस! मोर्सला तेही सोसलं नाही. १८५५मध्ये त्याने लांबलचक लेख छापून हेन्रीच्या सचोटीवरच हल्ला केला. हेन्री तेव्हा स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख. संस्थेच्या विश्वस्तांनी चौकशी करून हेन्रीला निर्दोष ठरवलं.

मामा : तिथे मोर्स चुकला. खटल्यांनी माणूस कडवट होतो, पण कृतघ्न व्हायला नको होतं. मात्र त्याच खटल्यांचा शेवट विसरू नकोस. १८५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोर्सलाच पहिला शोधक मानलं. जाणकारांना विचारून, त्यांचं ज्ञान वापरून कोणी यंत्र घडवलं म्हणून शोधकाचा हक्क कमी होत नाही, असंही सांगितलं.

भाची : आणि त्याच निकालात त्याचा आठवा दावा फेटाळला. तो दावा असा होता की विद्युतचुंबकत्वाने दूरवर अक्षरं किंवा खुणा उमटवायची कोणतीही रीत, मग ती कोणीही, केव्हाही शोधो, माझीच. न्यायालय म्हणालं, नाही. तुम्ही घडवलेली पद्धत तुमची. निसर्गातली शक्ती तुमची नाही. उद्या कोणी याहून साधी रीत काढली तर ती त्याची. पेटंटच्या कायद्यात हा निकाल आजही मैलाचा दगड मानतात.

मामा : मग आपलं भांडण मिटलं की!

भाची : यंत्रापुरतं मिटलं असेल. माणसाचं काय? मोर्स आयर्लंडहून येणाऱ्या कॅथलिक लोकांचा कट्टर विरोधक होता. ते अमेरिकेचं स्वातंत्र्य बुडवायला निघालेत, अशी पुस्तकं त्याने लिहिली आणि त्याच भूमिकेवर १८३६मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवून तो आपटला. आणि १८६३मध्ये, लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला त्याच वर्षी, मोर्सने गुलामगिरी ही ईश्वरानेच घालून दिलेली समाजव्यवस्था आहे, असं प्रतिपादन करणारी पुस्तिका छापली. देवाच्या नावाने माणसाला खाली ठेवण्याचा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. मोर्स त्या लोकांच्या विरुद्ध बाजूला उभा होता. मराठी माणसाने मोर्सबद्दल बोलताना हे गाळून चालणार नाही.

मामा : (जरा थांबून) नाही चालणार. आमच्या खात्यात त्याच्याबद्दल हे कोणी सांगितलं नाही. काळच तसा होता, असं म्हणून मी सुटू शकतो का?

भाची : नाही. त्याच काळात, त्याच देशात, त्याच धर्माचं पुस्तक वाचून हजारो लोक गुलामगिरीविरुद्ध लढत होते. काळाने त्याला दोन्ही वाटा दाखवल्या होत्या. त्याने एक निवडली.

मामा : मान्य. पण मग माझंही एक ऐक. ज्या लिंकनला मोर्सने विरोध केला, १८६४मध्ये ज्याच्या विरुद्ध उमेदवाराला पाठिंबा दिला, तो लिंकन यादवी युद्धाच्या काळात तासन्‌तास कुठे बसायचा? युद्ध खात्याच्या तार कार्यालयात. सेनापतींना हुकूम तारेने, रणांगणाच्या बातम्या तारेने. मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याने त्याच कार्यालयात बसून लिहायला घेतला, असं तिथल्या माणसांनी पुढे सांगितलं. मोर्सची तार मोर्सच्या मतांना बांधलेली राहिली नाही.

भाची : बरोबर आहे. पण म्हणूनच ती आपोआप पुण्यवानही ठरत नाही. १८५७च्या मे महिन्यात दिल्लीच्या तार कार्यालयातून अंबाल्याला इशारा गेला आणि इंग्रज सावध झाले. तार ज्याच्या हातात, त्याचं काम करते. तिचा उपयोग मोर्सचं पुण्य वाढवत नाही, की त्याचं पाप धुऊन काढत नाही. त्याची मतं त्याच्या खात्यावर, तारेचे परिणाम तारेच्या खात्यावर.

मामा : तरी मी त्याचं नाव मानाने घेणार. १८७१च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभारला तो तारयंत्रावर काम करणाऱ्यांनी वर्गणी काढून. त्या रात्री ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने स्वतः की दाबून आपली सही तारेवरून पाठवली. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. तो मान आम्हा कामगारांनी दिलेला आहे. त्याने आम्हाला एक धंदा दिला, हातात कसब दिलं, पोटाला भाकरी दिली.

भाची : तो मान काढून घ्यायचा नाही, मामा. फक्त त्या पुतळ्याशेजारी हेन्री, गेल आणि व्हेल यांना उभं राहायला जागा द्यायची, आणि पुतळ्याच्या हातातली १८६३ची पुस्तिका झाकायची नाही.

संवाद इथे संपतो आणि आता माझं मत. या दोघांपैकी कोणी हरलं नाही, पण निवाडा करता येतो. तो १८५४च्या निकालातच आहे : जे घडवलं ते त्याचं, त्यापलीकडचं नाही. मोर्सने घडवलं ते एक साधं, टिकाऊ यंत्र आणि ते उभं करण्याची अचाट चिकाटी. तेवढं श्रेय पूर्ण द्यावं, हात आखडता घेऊ नये. विजेचं ज्ञान हेन्रीचं, ते मोर्सपर्यंत आणणारे गेल, यंत्राला घाट देणारा व्हेल. त्यांचं त्यांना द्यावं. गुलामगिरीचं समर्थन मात्र पूर्णपणे मोर्सचं स्वतःचं, तिथे भागीदार शोधू नये.

भारतातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. ज्यांनी कधी तार पाहिली नाही अशी मुलं आता वर्गात बसतात आणि त्यांच्यासाठी मोर्स हे केवळ सामान्य ज्ञानाच्या प्रश्नाचं एका ओळीचं उत्तर उरलं आहे. शिक्षकांना आणि मुलांसाठी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की ते उत्तर एका ओळीत संपवू नका. मोर्सचं नाव सांगाल त्याच तासाला हेन्री, गेल आणि व्हेल ही नावं सांगा, सहा मतांनी मंजूर झालेल्या त्या पैशांची गोष्ट सांगा आणि त्याने गुलामगिरीची बाजू घेतली हेही सांगा. मुलांना पूर्ण माणूस समजतो.